तात्पुरत्या आणि कंत्राटी कामगाराला कामावरून कमी केले तर : नोटीस, भरपाई आणि दाद मागण्याची रीत

'उद्यापासून येऊ नका,' असे सुपरवायझरने गेटवर तोंडी सांगितले की तात्पुरत्या कामगाराची नोकरी संपली, असा समज कामगारांमध्ये तर आहेच, पण बऱ्याच मालकांमध्येही तो घट्ट बसलेला आहे. नेमणूकपत्रावर 'तात्पुरता', 'रोजंदारी' किंवा 'कंत्राटी' असा शब्द छापलेला असला म्हणजे नोटीस द्यावी लागत नाही, हा त्याच समजाचा दुसरा भाग. भारतातील कामगार कायदा मात्र त्या शब्दाकडे फारसे पाहत नाही. माणसाने किती दिवस काम केले, खरा मालक कोण होता आणि नोकरी कोणत्या कारणाने संपवली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्याचा हक्क ठरतो. ही उत्तरे कागदोपत्री दाखवता येणे हेच या सगळ्या प्रकरणातले अवघड काम आहे आणि ते नोकरी चालू असतानाच करावे लागते.

आधी लागू कायदा कोणता ते पाहावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि तिने औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ची जागा घेतली. त्या तारखेपूर्वी काढलेल्या कामगाराचे प्रकरण सर्वसाधारणपणे जुन्या अधिनियमाने तोलले जाते, नंतर काढलेल्याचे संहितेने. नोटीस आणि भरपाईचा गाभा दोन्हींत जवळपास सारखाच आहे, त्यामुळे जुन्या कायद्यावर न्यायालयांनी दिलेले निवाडे आजही उपयोगी पडतात. संहितेतील 'कामगार' या व्याख्येत अंगमेहनतीचे, कुशल, अकुशल, तांत्रिक आणि कारकुनी काम करणारे येतात. व्यवस्थापकीय पदावरचे येत नाहीत, आणि देखरेखीचे काम करणाऱ्याचा पगार महिना १८,००० रुपयांहून अधिक असेल तर तोही या व्याख्येबाहेर जातो. केवळ पदाच्या नावात 'ऑफिसर' किंवा 'मॅनेजर' असल्याने कोणी बाहेर पडत नाही, प्रत्यक्ष काम काय होते ते पाहिले जाते.

दिवस मोजण्याची रीत

नोटीस आणि भरपाईचा हक्क एक वर्षाच्या सलग सेवेवर उभा आहे, आणि 'सलग सेवा' या शब्दांनी बहुतेकांची फसगत होते. कामावरून काढल्याच्या तारखेपासून मागे बारा महिने मोजावेत. त्या काळात किमान २४० दिवस काम झाले असेल (जमिनीखालील खाणीत १९० दिवस), तर कायद्याच्या दृष्टीने एक वर्षाची सलग सेवा झाली. मधे आठ-दहा दिवस घरी बसवून पुन्हा नवे नेमणूकपत्र दिले, ज्याला कामगारांच्या भाषेत 'ब्रेक देणे' म्हणतात, तरी त्याने ही बेरीज आपोआप पुसली जात नाही. ब्रेकचे दिवस धरले जाणार नाहीत, पण ब्रेकच्या आधीचे आणि नंतरचे कामाचे दिवस मिळून २४० भरत असतील तर अट पूर्ण होते.

मोजताना आणखी एक चूक नेहमी होते. कामगार फक्त हजेरीचे दिवस मोजतो आणि २१० वर थांबून निराश होतो. पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या या बेरजेत धरायच्या असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. भरपगारी रजा, कामावर झालेल्या अपघातामुळे घरी राहावे लागलेले दिवस आणि प्रसूती रजाही कायद्याने धरली जाते. म्हणून कॅलेंडर घेऊन महिन्यागणिक तक्ता करावा : हजेरीचे दिवस, पगारी साप्ताहिक सुट्ट्या, पगारी सण, पगारी रजा, आणि शेवटी बेरीज.

हा तक्ता सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी कामगारावर असते. त्याने शपथेवर सांगावे लागते, जवळ असलेला पुरावा पुढे ठेवावा लागतो आणि मालकाकडील मस्टर व पगारपत्रके हजर करण्याची मागणी न्यायालयात करावी लागते. त्यानंतर मालकाने ती दडवली तर न्यायालय त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकते. नुसते 'मी तीन वर्षे राबलो' असे प्रतिज्ञापत्र मात्र पुरेसे ठरत नाही. त्यामुळे पगारचिठ्ठी, बँकेचे पासबुक, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक (त्यात मालकाच्या नावासह महिन्यागणिक नोंद असते), ईएसआयचे कार्ड, गेटपास, हजेरी कार्डाचे फोटो, शिफ्ट कळवणारे व्हॉट्सॲप संदेश हे सगळे नोकरी चालू असतानाच घरच्या एखाद्याच्या मोबाइलवर किंवा ईमेलवर पाठवून ठेवावे. कंपनीच्या ईमेलवर किंवा कंपनीने दिलेल्या फोनवर ठेवलेला पुरावा, नोकरी गेली त्याच तासाला हातचा जातो.

कायदेशीर नोटीस आणि पैशांचा हिशेब

एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला कामगार कपात करून काढायचे असेल, तर एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि तीत कारण लिहावे लागते. नोटीस द्यायची नसेल तर एक महिन्याचा पगार द्यावा लागतो. त्याशिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा असतो, आणि शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काळ भरला असेल तर तेही पूर्ण वर्ष धरायचे असते. हे पैसे 'नंतर ऑफिसमध्ये येऊन घेऊन जा' असे सांगून चालत नाही. ते काढण्यापूर्वी किंवा काढतानाच द्यावे लागतात, आणि ही पूर्वअट पाळली नाही तर कपातच बेकायदा ठरते. ज्या कारखान्यात, खाणीत किंवा मळ्यात ३०० किंवा त्याहून अधिक कामगार आहेत, तिथे तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची पूर्वपरवानगी लागते. जुन्या अधिनियमात हा आकडा १०० होता.

उदाहरण घ्यायचे तर महिना १८,००० रुपये मिळवणाऱ्या आणि तीन वर्षे सात महिने काम केलेल्या कामगाराला नोटीस न देता कपात करून काढले, असे समजू. नोटिशीऐवजी १८,००० रुपये झाले. मासिक पगार असेल तर १५ दिवस म्हणजे अर्धा महिना, म्हणजे ९,००० रुपये, आणि तीन वर्षे सात महिने म्हणजे हिशेबाला चार वर्षे, म्हणून भरपाई ३६,००० रुपये. संहितेने यात एक नवी रक्कम घातली आहे : कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या शेवटच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. ती आणखी ९,००० रुपये. एकूण ६३,००० रुपये झाले, आणि यात थकलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे व बोनस अजून धरलेलेच नाहीत. थकलेला पगार तर वेतन संहिता, २०१९ नुसार काढल्यापासून दोन कामकाजी दिवसांत द्यावा लागतो, मग कामगाराला कपातीने काढलेले असो, शिक्षा म्हणून काढलेले असो की त्याने स्वतः राजीनामा दिलेला असो.

कपात करताना एकाच प्रकारच्या कामातला शेवटी आलेला कामगार सर्वसाधारणपणे आधी काढायचा असतो, आणि हा क्रम मोडायचा तर मालकाने कारण नोंदवावे लागते. कपातीनंतर एक वर्षाच्या आत त्याच कामासाठी भरती निघाली तर कमी केलेल्यांना प्राधान्य मिळते. त्यामुळे आपल्या जागी दुसऱ्याच आठवड्यात नवा माणूस घेतला गेला असेल, तर त्याची तारीख आणि शिफ्ट लिहून ठेवावी. पुढे हीच नोंद 'काम संपले म्हणून काढले' या बचावाला छेद देते.

गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायचे असेल तर नोटिशीच्या पगारावर काम भागत नाही. आरोपपत्र, उत्तराची संधी आणि चौकशी या पायऱ्या घ्याव्या लागतात, आणि कामगार तात्पुरता आहे एवढ्यावरून त्या गाळता येत नाहीत.

मुदत संपली, ही गोष्ट वेगळी

संहितेने 'निश्चित मुदतीची नोकरी' असा वेगळा प्रकार मान्य केला आहे. लेखी कराराने ठरलेली मुदत संपली म्हणून नोकरी संपली तर ती कामगार कपात मानली जात नाही, म्हणून तिथे कपातीची नोटीस आणि भरपाई मागता येत नाही. हे कामगाराला कटू वाटले तरी आधीच माहीत असलेले बरे. पण याच्या तीन मर्यादा आहेत. करार लेखीच असावा लागतो. तोंडी 'अकरा महिन्यांसाठी घेतले' असे म्हटल्याने निश्चित मुदत होत नाही. मुदत संपण्यापूर्वी मधेच काढले तर 'मुदत संपली' हा बचाव उरत नाही. आणि मुदतीच्या काळात वेतन, भत्ते व इतर लाभ त्याच कामावरच्या कायम कामगाराइतकेच द्यावे लागतात. शिवाय एक वर्ष पूर्ण केलेल्या निश्चित मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते. कायम कामगाराला लागणारी पाच वर्षांची अट त्याला नाही. मुदत संपल्यावर ग्रॅच्युइटीचा अर्ज करायचा विसरणारे फार दिसतील, कारण 'ग्रॅच्युइटी म्हणजे पाच वर्षे' हे समीकरण सर्वांच्या डोक्यात बसले आहे.

अकरा महिन्यांचे करार वर्षानुवर्षे एकापुढे एक लावत जाणे हा प्रकार मात्र केवळ कराराच्या आधाराने सुटत नाही. कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली (म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर), नैमित्तिक किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे जुन्या अधिनियमातही होते आणि संहितेच्या अनुसूचीतही आहे. हेतू सिद्ध करावा लागतो, आणि तो सहसा कागदांतूनच दिसतो : काम बारमाही होते, ब्रेक दरवेळी तेवढ्याच दिवसांचा होता, ब्रेकमध्ये यंत्र बंद नव्हते आणि त्या जागी दुसऱ्या तात्पुरत्यालाच उभे केले होते.

गरोदर कामगार स्त्रीच्या बाबतीत, कराराची मुदत मधेच संपत असली तरी प्रसूती लाभ पूर्ण काळासाठी मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे. मागील बारा महिन्यांत ८० दिवस काम ही या लाभाची अट आहे.

ठेकेदाराचे कामगार

ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगाराचा पहिला मालक ठेकेदार असतो, आणि कंपनीने ठेका संपवला तरी नोटीस व भरपाई देण्याची जबाबदारी ठेकेदाराचीच राहते. 'ठेका संपला, मी काय करू' हे उत्तर कायद्यात बसत नाही. पगार ठेकेदाराने थकवला तर तो मुख्य मालकाने, म्हणजे जिथे काम चालते त्या आस्थापनेने, द्यावा लागतो आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावा लागतो. म्हणून थकलेल्या पगाराचे पत्र नेहमी दोघांच्या नावे लिहावे.

अवघड प्रश्न पुढचा आहे : ठेका केवळ कागदावर असेल तर? ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलतो, कामगार मात्र त्याच यंत्रावर तेच काम करत राहतो, ही परिस्थिती इतकी सर्रास आहे की तिच्यात कोणाला काही वावगेच वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली घटनापीठाच्या निकालात सांगितले की ठेका पद्धत बंद केली म्हणून ठेक्याचे कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत, पण ठेका हा केवळ देखावा आहे असे सिद्ध झाले तर ते कंपनीचेच कामगार ठरतात. देखावा ओळखताना न्यायालये नेमणूक कोण करते, पगार कोणाच्या हातून येतो, शिस्तीची कारवाई आणि काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि कामावर पूर्ण नियंत्रण व देखरेख कोणाची आहे, हे पाहतात. कंपनीचा फोरमन रोज काम वाटून देतो एवढा एक मुद्दा सहसा पुरत नाही. रजा कंपनीच्या अधिकाऱ्याने मंजूर केल्याचे संदेश, कंपनीच्या नावाचे ओळखपत्र, कंपनीने दिलेले प्रशिक्षण, ठेकेदार बदलल्यावरही न बदललेला टोकन क्रमांक, असे तुकडे एकत्र आले की चित्र उभे राहते. शिवाय व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० या दुसऱ्या नव्या कायद्याने ५० किंवा अधिक ठेका कामगार असलेल्या ठिकाणी आस्थापनेच्या मुख्य कामात ठेका कामगार ठेवण्यास, काही अपवाद वगळता, मनाई केली आहे. साफसफाई, पहारा, उपाहारगृह अशी कामे सर्वसाधारणपणे मुख्य काम मानली जात नाहीत, जोवर ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसते.

सरकारी कार्यालयांतील कंत्राटी कर्मचाऱ्यांची वाट थोडी वेगळी आहे. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी प्रकरणातील निकालानंतर, भरतीची प्रक्रिया टाळून नेमलेल्यांना केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही. मात्र याच निकालाचा आधार घेऊन बारमाही काम करणाऱ्यांना कायमचे तात्पुरते ठेवणे योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या काही निकालांत ठणकावून सांगितले आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे २०१६ च्या निकालात आहे. कायम होण्याचा प्रश्न आणि नोटीस न देता काढल्याचा प्रश्न हे दोन वेगळे दावे आहेत; पहिला कमकुवत असला म्हणून दुसरा सोडून देऊ नये.

काढल्यानंतरचा पहिला आठवडा

तोंडी काढलेल्या कामगाराविरुद्ध मालकाचा सर्वांत आवडता बचाव एकच असतो : 'आम्ही काढलेच नाही, तोच यायचा बंद झाला.' म्हणून गेटवर अडवल्याच्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, एक छोटे पत्र गेलेच पाहिजे. त्यात मजकूर असा असावा : 'मी दिनांक अमुक पासून आपल्या आस्थापनेत अमुक काम करत आहे. दिनांक अमुक रोजी सकाळच्या पाळीस मी नेहमीप्रमाणे हजर झालो असता मला प्रवेश दिला गेला नाही आणि उद्यापासून येऊ नका असे तोंडी सांगण्यात आले. मला कोणतीही लेखी नोटीस, कारण किंवा भरपाई देण्यात आलेली नाही. मी काम सोडलेले नाही आणि काम करण्यास आजही तयार आहे. कृपया मला कामावर घ्यावे किंवा कमी केल्याचा लेखी आदेश कारणांसह द्यावा.' पत्र कंपनीला आणि ठेकेदार असल्यास त्यालाही स्पीड पोस्टाने, पोहोचल्याची नोंद मिळेल अशा पद्धतीने पाठवावे. नोंदणीकृत टपालाची सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे. पावती आणि पत्राची प्रत एकत्र टाचून ठेवावी. सोबतच ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरही हाच मजकूर पाठवला तर वेळेचा आणखी एक पुरावा तयार होतो.

याच आठवड्यात 'पूर्ण व अंतिम हिशेब' नावाचा कागद पुढे येतो. पैसे हक्काचे असतात, ते नाकारण्याचे कारण नाही, पण राजीनाम्याच्या ओळी त्यात मिसळलेल्या आहेत का ते नीट वाचावे. सही करावीच लागली तर सहीशेजारी 'रक्कम निषेध नोंदवून व माझे इतर हक्क राखून स्वीकारली' असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि कागदाचा फोटो घ्यावा. नेमणुकीच्या वेळी कोऱ्या कागदावर किंवा तारखेविना राजीनाम्यावर सही घेतली गेली असेल, तर तो वापरला जाण्याची वाट न पाहता त्याबद्दल कामगार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी.

दाद मागताना

पत्राला पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. खासगी कारखाना, दुकान, रुग्णालय यांच्यासाठी हे अधिकारी राज्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात बसतात. रेल्वे, प्रमुख बंदरे, खाणी आणि केंद्राच्या अखत्यारीतील इतर उद्योगांसाठी केंद्रीय श्रम आयुक्तांचे कार्यालय असते. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज फिरून येईपर्यंत महिने जातात. अर्जात सेवेचा काळ, शेवटचा पगार, काढल्याची तारीख, २४० दिवसांचा तक्ता आणि मागणी (पुन्हा कामावर घेणे, मधल्या काळाचा पगार, पर्यायाने भरपाई) एवढेच स्पष्ट लिहावे. कंपनीच्या इतर गैरकारभाराची यादी जोडून मुख्य मुद्दा झाकू नये.

कामावरून काढलेल्या एकट्या कामगारालाही, संघटना पाठीशी नसताना, हा वाद पुढे नेता येतो. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवस उलटले की तो थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मात्र काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत तिथे पोहोचावे लागते. जुन्या अधिनियमात ही मुदत तीन वर्षांची होती, आणि जुना आकडा ऐकून थांबलेल्याचे नुकसान होईल. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर औद्योगिक कामगाराला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात असलेल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा १५१०० या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते.

काय मिळेल याबद्दल मात्र वास्तव धरून चालावे. नोटीस न देता काढणे बेकायदा ठरले तरी रोजंदारीवरच्या कामगाराला पुन्हा कामावर घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देण्याकडे गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाचा कल दिसतो. पूर्ण थकीत पगारासह परत कामावर घेण्याचा आदेश त्यांनाच अधिक सहज मिळतो, ज्यांच्या बाबतीत अनुचित प्रथा सिद्ध होते किंवा ज्यांच्यानंतर आलेले कनिष्ठ कामगार कामावर कायम ठेवलेले असतात. म्हणून समेटाच्या टेबलावर समोरून रक्कम पुढे आली, तर वर सांगितलेल्या रीतीने आपला हिशेब आधीच करून ठेवलेला असावा. त्याच्या निम्म्यावर तडजोड करायची की लढायचे, हा निर्णय ज्याचा त्याचा. तडजोड केलीच तर ती समेट अधिकाऱ्यासमोर लेखी व्हावी, रक्कम बँकेतून कोणत्या तारखेला जमा होणार ते तीत लिहिलेले असावे, सेवेचा दाखला आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची योग्य तारीख नोंदवण्याची अट तीत घालावी, आणि सहीची प्रत त्याच दिवशी हातात घेऊनच कार्यालयाबाहेर पडावे.